सुनेचं रक्त

१

रक्त चोरीला जातं, हे पद्माकररावांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. सोनं जातं, सायकल जाते, देवळाबाहेरच्या चपला तर हमखास जातात. पण फ्रीजमधून रक्ताच्या दोनच ट्यूबा जाव्यात आणि बाकीच्या सगळ्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या ओळीत असाव्यात, हा प्रकार त्यांना नवा होता.

ही गोष्ट शहाण्णव सालची. बंगलोरच्या शिवाजीनगरात, बाजारामागे एक छोटं संशोधन केंद्र होतं आणि पद्माकरराव तिथे सल्लागार होते. जन्मभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. सल्ला कमी आणि कॉफी जास्त, असं ते स्वतःच म्हणायचे. केंद्रात तेव्हा एका घराण्याच्या आजाराचा माग काढणं चाललं होतं. घराणं मराठी, पण शहाजीराजांच्या काळात बंगलोरला आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. त्यातल्या काहींच्या मानेत, जबड्याखाली, गाठ यायची. काहींना आधी कानात ठोके ऐकू यायचे. वेळेत काढली तर माणूस निभावायचा. उशीर झाला तर आवाज जायचा, घास गिळता यायचा नाही, आणि एकदोघे ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नव्हते.

हा दोष रक्तातल्या कुठल्या खुणेच्या शेजारानं पिढ्यान् पिढ्या उतरतो, ते शोधायचं होतं. खूण आणि आजार किती वेळा जोडीनं उतरले ते मोजून एक आकडा काढतात, त्याला लॉड स्कोअर म्हणतात. आकडा तीनच्या वर गेला की जग मान्य करतं, ही जोडी योगायोगाची नाही. घोडं पेंड खात होतं ते इथेच. कितीतरी जणांच्या रक्तात खूण होती आणि गाठ मात्र नव्हती.

पुण्याहून आलेल्या स्मितानं यावर तोड काढली. तिचं म्हणणं असं की हा दोष बापाकडून आला तरच बोलतो. आईच्या हातून आला की त्याच्या तोंडाला कुलूप. अशी जनुकं जगात सापडू लागली होतीच. मग तिनं सगळ्या घराण्याच्या दोन रांगा केल्या, खूण बापाकडून मिळालेल्यांची एक आणि आईकडून मिळालेल्यांची दुसरी. बसता बसत नव्हतं ते गणित सुतासारखं सरळ झालं. फक्त एक माणूस आडवा आला. नरसिंह त्याचं नाव. त्याच्या बापाला, व्यंकोजीला, गाठ होती आणि तो तिच्यापायीच गेला. मुलाच्या रक्तात खूण सापडलेली, वय चाळिशीपुढे, आणि गडी ठणठणीत. त्या एकट्यामुळे आकडा तीनच्या खाली घसरला.

त्याची तपासणी पुन्हा एकदा करून पक्की करायची होती. ती झाली नाही तर नरसिंह हिशेबातून बाद आणि आकडा परत वर. आणि आता फ्रीजमधून नेमकी नरसिंहची ट्यूब गेली होती, सोबत त्याच्या आईची.

फ्रीजच्या किल्ल्या तिघांकडे. फ्रीज सांभाळणारा पिराजी, गणित मांडणारी स्मिता, आणि डॉक्टर हयवदन. हयवदन कान-नाक-घशाचा डॉक्टर आणि त्याच घराण्याचा भाचा. घरोघर जाऊन रक्त त्यानंच गोळा केलेलं. त्याची आई अहल्या, जिला सगळे अक्का म्हणत, ती व्यंकोजीची बहीण. गाठ तिलाही होती.

केंद्राची सगळी माणसं टेबलाभोवती जमली होती. तेव्हा पद्माकरराव बोलले, आणि बोलायला नको होतं ते बोलले.

"स्मिता, उत्तर जुळलं नाही की प्रश्नच खोडून टाकायचा, असं तुमच्या पुण्यात चालत असेल. इथं चालत नाही."

पिराजीनं जीभ चावली. हयवदन खाली टेबलाकडे बघत राहिला. स्मिताचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिनं पर्समधून किल्ली काढून पद्माकररावांच्या पुढ्यात ठेवली.

"सर, गेल्यात दोन ट्यूब," ती म्हणाली. "तुम्ही एकीबद्दलच बोललात."

आणि ती निघून गेली.

२

पद्माकररावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. विद्यार्थ्याचा कान धरणं वेगळं आणि चारचौघांत अब्रू काढणं वेगळं, हे त्यांना चांगलं कळत होतं. सोमवारी केंद्राचे प्रमुख परगावाहून परतणार होते. चोरीचा आळ घेऊन ती पोरगी त्यांच्यापुढे उभी राहिली असती की तिला या क्षेत्रात पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. आळ घेतला होता पद्माकररावांनी, आणि तो पुराव्यावर नव्हे, जिभेच्या खाजेवर.

आणि तिचं शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. दोन ट्यूब. आकडा वर न्यायचा तर मुलाची ट्यूब पुरे होती. आई तर घराण्याची सून, दुसऱ्या घरातून आलेली. तिच्या रक्ताचं चोराला काय काम?

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी पिराजीला गाठलं. तो बिचारा रडकुंडीला आला होता.

"अण्णा, देवाशप्पथ सांगतो, माझ्याकडं नुसते नंबर. कुठला नंबर कुणाचा, मला काय ठाऊक? मला न्यायचंच असतं तर पुढच्या दोन नेल्या असत्या. या दोन तर वेगवेगळ्या खणांत होत्या."

हे खरं होतं. नावं केंद्रात मुद्दाम लपवलेली असत, तपासणाऱ्याचं मन कलू नये म्हणून. कुठला नंबर कुणाचा मुलगा आणि कुणाची आई, हे हयवदनला ठाऊक, कारण रक्त त्यानं काढलं. आणि स्मिताला ठाऊक, कारण वंशवृक्ष तिच्यासमोर. पिराजी सुटला. उरले दोघे.

स्मिता आपल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती.

"सॉरी म्हणायला आलात का, सर?"

"त्यासाठीच आलो. पण आधी एक प्रश्न."

"बघा! सवय जात नाही ना." ती हसली नाही. "विचारा."

"आईचं रक्त तू कशाला मागवलं होतंस?"

"कारण तीच माझी शेवटची होप होती. सर, खूण म्हणजे आजार नाही, आजाराच्या शेजारचं घर. तसलीच खूण सुनेच्या माहेरीसुद्धा असू शकते. नरसिंहना ती बापाकडून आली असं आपण धरून चाललोय. समजा ती आईकडून, योगायोगानं आलेली असेल, तर त्यांना आजार नाही यात नवल काय? माझं मॉडेल वाचलं असतं. म्हणून मीच हयवदनसरांच्या मागे लागले की आईचं ब्लड आणा. ते आलं, आणि टेस्ट करायच्या आधीच गेलं."

पद्माकरराव खुर्चीत बसले. पाण्यात पडलेला माणूस हातात आलेला दोर स्वतःच कशाला कापेल? दोन ट्यूबा एकत्र नाहीशा होण्यानं जिचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, तिलाच त्यांनी चोर ठरवलं होतं. त्यांचे कान तापले.

"स्मिता, मी चुकलो गं."

"चुकलात. पण चारचौघांत बोललात ना, मग माफीही चारचौघांतच मागा." तिनं खोक्याला दोरी बांधली. "इथे बंद दाराआड मला नकोय ती."

"मागीन. पण मला सांग, पुन्हा रक्त घ्यायला काय हरकत आहे?"

"मीही तेच म्हटलं. हयवदनसर म्हणाले, फॅमिलीनं साफ नकार दिलाय."

नरसिंहला पद्माकरराव लहानपणापासून ओळखत होते. कुणाला नाही म्हणणारा माणूस नव्हता तो.

३

चामराजपेटेत नरसिंहचा छापखाना होता. खाली यंत्र, वर बिऱ्हाड. लग्नपत्रिकांचे दिवस होते. हळदीच्या रंगाचे कागद सगळीकडे वाळत पडले होते आणि यंत्राच्या धडधडीनं जिनासुद्धा हलत होता.

"बन्नी, या, या अण्णा!" नरसिंहनं शाईचे हात पुसले. "आज कुणीकडं सूर्य उगवला? चला वर. कॉफी स्वल्प तरी घ्यायचीच."

वर खिडकीत त्याची मुलगी सौम्या पुस्तक घेऊन बसली होती. एका हातानं पान उलटत होती आणि दुसरा तळवा डाव्या कानावर घट्ट दाबलेला.

"काय झालं गं कानाला?"

"गिरणी चालते म्हणते कानात," नरसिंहच हसून म्हणाला. "छापखान्याच्या डोक्यावर राहिल्यावर वेगळं काय होणार? हयवदनानं बघितलं मागं. म्हणाला, पीयूसीचं, बारावीचं वर्ष, परीक्षेचं टेन्शन. तुझा बाप सुटलाय, तर तुला काय होणार!"

"मशीन बंद असलं तरी येतो आवाज," सौम्या हळूच म्हणाली. "जिना चढून आले की जोरात येतो. धड, धड, धड."

"वाचन कर तू."

नरसिंहची आई अंबुजाबाई कॉफी घेऊन आल्या. थकलेल्या, पण अजून ताठ. पद्माकररावांनी सहज म्हणून रक्ताचा विषय काढला मात्र, त्यांच्या हातातली कॉफी बशीत सांडली. "मला नाही कळत त्यातलं," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

पद्माकररावांनी विषय बदलला. खालच्या पत्रिकांकडे बोट दाखवून म्हणाले, "दुसऱ्यांच्या लग्नांवर पोट तुझं! तुझ्या लग्नाचं काय झालं होतं रे तेव्हा? गाव बोलत होतं."

"ते होय!" नरसिंह मांडी ठोकून हसला. "अण्णा, आपल्या लोकांत मामाचा मुलगा आणि आत्याची मुलगी म्हणजे पाळण्यातच ठरलेलं. आमच्या घरात तीन लग्नं तशीच झालीत. मलाही अक्काची मुलगी ठरलेली, सगळे चिडवायचे. आमचे बाबा तर मुहूर्त बघून आले. आणि ऐनवेळी अक्काच आडवी! कारण विचारलं तर तोंडातून शब्द नाही. उंबऱ्यावर बसून राहिली, म्हणाली, मला मारून टाका पण हे लग्न होणार नाही. वर्षभर येणं-जाणं बंद होतं."

"आणि आता?"

"आता काय! मला बघितल्याशिवाय तिला चैन नाही. हयवदनाच्या आधी माझं पान वाढते."

पद्माकररावांनी कप खाली ठेवला. "मग रक्त पुन्हा द्यायला नाही का म्हणालास बाबा?"

नरसिंहच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण भुवया वर गेल्या.

"नाही म्हणालो? अण्णा, विचारलं कुणी आम्हाला?"

४

रिक्षात बसल्यावर पद्माकररावांना वाटलं, आपल्याला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

ते इथलेच. इथल्या मराठी माणसानं कन्नड शेजाराकडून काय काय उचललं, हे त्यांना घरबसल्या ठाऊक. आते-मामे भावंडांचं लग्न हा त्यांच्याकडे दोष नव्हता, हक्क होता. आत्यानं आपली मुलगी भावाच्या मुलाला नाकारणं म्हणजे भावाच्या तोंडावर दार लावणं. ज्या बाईचा त्या मुलावर इतका जीव, ती असं का करील? एकाच नात्यात हे लग्न महापाप ठरतं. ते नातं आठवून पद्माकररावांनी डोळे मिटून घेतले. कुणाच्या तरी बंद खोलीत, न विचारता, आपण चपलांसकट शिरलो, असं त्यांना झालं.

पण मनाला वाटलं म्हणजे पुरावा नव्हे. तसंच एकदा वाटलं होतं आणि एका पोरीला चोर म्हणून झालं होतं.

ते सरळ केंद्रात गेले. स्मिता अजून खोकीच बांधत होती.

"एक हिशेब करून देतेस? कुणाचं काय, विचारू नकोस. नरसिंहला त्याच्या जागेवरून उचल. तो व्यंकोजीचा मुलगा नाही असं धर. त्याच घराण्यातल्या, खूण असलेल्या एखाद्या बाईच्या पोटी त्याला घाल, आणि आकडा काढ."

स्मितानं त्यांच्याकडे पाहिलं. मग मुकाट्यानं कॉम्प्युटर लावला. तेव्हाची यंत्रं ती, विचार करायला म्हाताऱ्यापेक्षा जास्त वेळ घ्यायची. पद्माकररावांनी दोनदा कॉफी मागवली आणि दोन्हीदा प्यायचं विसरले. शेवटी पडद्यावर आकडा आला. तीन पूर्णांक सहा.

एरवी अशा आकड्याला स्मितानं उडी मारली असती. आता ती पडद्याकडेच बघत बोलली.

"सर, आईकडून आलेला दोष म्हणून गप्प. त्यांना गाठ नाही, कारण ते चुकीच्या रांगेत उभे होते." तिनं आवाज खाली आणला. "म्हणजे सुनेचं रक्त चोरणाऱ्याला आजाराची भीती नव्हतीच. आईचं आणि मुलाचं रक्त शेजारी ठेवलं असतं तर जुळलं नसतं. त्याची भीती होती."

"हं."

"सर..." कीबोर्डवरचा तिचा हात थांबला. "त्यांना मुलं आहेत?"

"एक मुलगी. का?"

"कुलूप त्यांच्यापुरतं होतं. त्यांना आईकडून आला म्हणून गप्प बसला. पण मुलीला तो बापाकडून येणार. तिच्यात आला असेल तर तो बोलणार, सर. आणि येण्याची शक्यता निम्मी."

पद्माकररावांच्या डोळ्यांपुढे खिडकीतली पोरगी आली, कानावर तळवा दाबून बसलेली.

५

हयवदन दवाखाना बंद करत होता. पद्माकररावांना पाहून त्यानं कडी परत काढली. लग्न न केलेला, कामाला वाहून घेतलेला माणूस, पेठेत त्याच्या शब्दाला मान होता.

"पद्माकरण्णा? घसा धरलाय का?"

"घसा ठीक आहे. हयवदना, नरसिंहनं नकार दिलेला नाही. त्याला कुणी विचारलंच नाही."

हयवदननं कडी पुन्हा आतून लावली.

"दोन ट्यूब कुठल्या ते ओळखणारी माणसं दोन," पद्माकरराव सावकाश म्हणाले. "त्यातली एक त्या ट्यूबांसाठी जीव टाकत होती. राहिलास तू. आणि अक्कानं मुलीचं लग्न का मोडलं, तेही मला कळलं. मला कळायला नको होतं, पण कळलं."

हयवदननं औषधांचा फ्रीज उघडला. मागच्या बाजूला, लसींच्या आड, दोन ट्यूबा होत्या.

"फेकून द्यायला नेल्या होत्या," तो म्हणाला. "फेकवेनात. डॉक्टर आहे ना मी!" आणि स्वतःच्याच शब्दांची शरम वाटून त्यानं तोंड फिरवलं.

मग त्यानं सांगितलं. मामीचं रक्त घेतलंय हे कळलं त्या दिवशी आईनं त्याला जवळ बसवलं आणि जन्मभर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. तिचं दुसरं बाळंतपण माहेरी होतं. अंबुजावहिनीही तेव्हाच बाळंत झाली. वहिनीची आधीची मुलं पोटातच गेलेली, हेही मेलेलंच जन्मलं, आणि पुन्हा मूल होणार नाही असं सुईण म्हणाली. वहिनी विहिरीकडे बघत बसायची. अक्काला पहिला मुलगा होता, हयवदन. तिनं आपलं तान्हं उचललं आणि वहिनीच्या पदरात घातलं. तिच्या सासरी कळवलं की मूल गेलं.

"बाबा मरेपर्यंत त्या मुलासाठी हळहळायचे, अण्णा. दिवाळीला म्हणायचे, आज तो असता तर. आणि तो समोर बसून लाडू खात असायचा. आई म्हणाली, मी वहिनीवर उपकार केले पण नवऱ्याला फसवलं. हे बाहेर आलं तर मी तोंड कुठे लपवू? असं म्हणून माझ्या पायांना हात लावला हो तिनं. आईनं!"

पद्माकररावांना त्याची कीव आली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही तर एका जिवासाठी झाकलेली. इथेच उठून जावं असं त्यांना वाटलं. पण विचारायचं राहिलंच होतं.

"आणि सौम्या?"

हयवदननं फ्रीजचं दार लावलं.

"स्मिताचं गणित एका माणसामुळे चुकत होतं. त्या एका माणसाचं खरं तुला एकट्याला ठाऊक होतं. म्हणजे गणित बरोबर आहे, हेही तुलाच ठाऊक होतं. बाप सुटला म्हणून तू पोरीला घरी पाठवलंस."

"तेव्हा आईनं सांगितलं नव्हतं मला. खरंच."

"आणि सांगितल्यावर?"

हयवदन खाली बसला, रोग्यांच्या बाकावर. "सांगितल्यावर परत बोलावलं नाही तिला," तो म्हणाला. "रोज ठरवायचो, उद्या बोलावू. कान बघायचा म्हणजे पुढचं सगळं बघावं लागलं असतं. स्वतःला सांगत होतो, परीक्षेचं टेन्शनच असेल. पुतणी आहे ती माझी, अण्णा. सख्खी."

"काल मी स्मितावर तोंड टाकलं तेव्हा तू टेबलाकडे बघत होतास."

"हो."

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटतेय."

६

अहल्याक्का दोन गल्ल्या पलीकडे राहत. पदर गळ्याभोवती लपेटून घ्यायची त्यांची जुनी सवय. उन्हाळ्यातही तो सुटत नसे, आणि पदराआड काय आहे ते सगळ्यांना माहीत असून कुणी विचारत नसे. हयवदननं त्यांच्यापुढे बसून फक्त सौम्याचं सांगितलं. पद्माकरराव दारातच उभे होते.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत.

"कानात कसा आवाज येतो म्हणाली पोर?"

"धड धड, असा. जिना चढली की जोरात."

अक्का उठल्या. "माझ्या चपला बघ कुठं आहेत."

"आई, तू नको येऊस. मी तपासणीचं काहीतरी कारण सांगून नेतो तिला."

"पुन्हा काहीतरी कारण?" अक्का म्हणाल्या. "बस झालं. एक खोटं सांगितलं ते अजून फेडतेय. सर बाजूला."

छापखाना चालूच होता. अक्का कठड्याला धरून जिना चढल्या, मागून हयवदन, त्याच्यामागे पद्माकरराव. नरसिंह खालूनच ओरडला, "अक्का, तू कशाला आलीस? मीच येणार होतो जेवायला!" आणि हात पुसत वर आला.

अंबुजाबाईंनी अक्कांचा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. "अक्का, नको गं," एवढंच त्या म्हणाल्या.

अक्का खिडकीपाशी सौम्याजवळ बसल्या. गळ्याभोवतीचा पदर सोडला. पद्माकररावांनी ती गाठ प्रथमच पाहिली, जबड्याखाली, लिंबाएवढी. त्यांनी मान वळवली, आणि मग वळवल्याचीच लाज वाटून परत तिकडे पाहिलं.

अक्कांनी पोरीचा हात तिच्या कानावरून काढला आणि बोटं आपल्या गाठीवर ठेवली.

"बघ बरं, बाळ. ऐकू येतो तो ठोका असाच का?"

सौम्या श्वास रोखून बसली. मग तिचे डोळे मोठे झाले.

"असाच, अक्का. अगदी असाच."

"माझ्याकडून आलाय तो तुला," अक्का म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या हातून आला, पण माझ्याकडून."

"म्हणजे?" नरसिंह म्हणाला. त्यानं अक्कांकडे पाहिलं, मग आईकडे. अंबुजाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. मग त्याला मोडलेलं लग्न आठवलं असावं, कारण तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

"वहिनी आईच आहे तुझी," अक्का त्याला म्हणाल्या. "तिनं वाढवलंय. मी नुसतं दिलं. पण दिलेलं झाकून ठेवलं, आणि ते या पोरीच्या मुळावर आलं असतं. मला तोंड दाखवायला जागा नाही रे. पण पोरीला उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरकडं ने."

नरसिंह उठून खाली गेला. पद्माकररावांना वाटलं, गेला आता हा, अक्कांचं तोंड बघणार नाही. पण खालची धडधड थांबली आणि तो परत वर आला. सगळं घर शांत झालं होतं. सौम्याची बोटं अजून अक्कांच्या मानेवर होती. नरसिंह येऊन दोघींच्या मधे बसला.

सौम्याच्या कानामागे गाठ निघाली, पण वाटाण्याएवढी. मोठे डॉक्टर म्हणाले, वर्षभर उशीर झाला असता तर आवाजाची नस गेली असती.

पण ते पुढचं. सोमवारी केंद्राची माणसं त्याच टेबलाभोवती जमली. प्रमुखांनी चोरीचं विचारलं. पद्माकरराव उठले, आणि जन्मभर वर्गापुढे उभा राहिलेला माणूस नुसता चष्मा पुसत राहिला. मग त्यांना पदर सोडणारा तो म्हातारा हात आठवला. अक्कांना उभ्या आयुष्याची झाकली मूठ उघडताना जड गेलं नाही, आणि आपल्याला चार दिवसांची उघडवत नाही?

"स्मितानं काही नेलेलं नाही," ते म्हणाले. "मी तिच्यावर खोटा आळ घेतला, आणि तिच्या गावाचं नाव काढून हिणवलं. मुलाची ट्यूब गेली एवढंच मी पाहिलं. आईची का गेली, हे विचारायची अक्कल मला नव्हती. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागतो."

त्यांच्या शेजारी हयवदन उभा राहिला. "ट्यूबा मी नेल्या होत्या. कारण घरचं आहे, ते विचारू नका. शिक्षा सांगा."

स्मितानं टेबलावर पडलेली आपली किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली.

"आता दोन्ही ट्यूबबद्दल बोललात, सर," ती म्हणाली. "बसा."

पद्माकरराव बसले. कॉफी आली तेव्हा त्यांनी आधी तिचा कप तिच्याकडे सरकवला, आणि आपल्या कपाला हात लावायला त्यांना बराच वेळ लागला.